नाल्याकडे तोंड केलेला भोंगा

मित्रांनो, मुकुटबनच्या बाजूने आमच्या तांड्याकडे यायला निघालात, तर आधी तुम्हाला नाला लागेल. नाल्यापलीकडे सेवालाल महाराजांचं देऊळ आहे आणि देवळाशेजारी एक लोखंडी खांब. त्या खांबाच्या टोकाला पोचे पडलेला, रंग उडालेला, एका अंगाने तारेने आवळलेला जो जुना भोंगा दिसेल, तो मी. माझ्या पाठीवर कारखान्याचं नाव होतं. ते पावसाने कधीच धुऊन नेलं, म्हणून माझं वय मलाही नीट सांगता येत नाही.

देवाच्या दारात राहणाऱ्याने खोटं बोलू नये. मी तर आपणहून काहीच बोलू शकत नाही. माइकपाशी उभं राहून माणूस जे बोलेल, ते मोठं करून चार दिशांना द्यायचं, एवढाच माझा धर्म. पण एकदा एक ओळ माझ्या तोंडून अर्धीच बाहेर पडली. त्या अर्ध्या ओळीची ही गोष्ट आहे. लहान आहात म्हणून लपवून सांगणार नाही. तुम्हीही ऐकून ठेवलेली बरी.

माझं बालपण यवतमाळला गेलं. गोविंदा नावाच्या मंडपवाल्याने मला नवा कोरा विकत घेतला होता. त्याच्या दुकानात सतरंज्या, पातेली, झालरी आणि आम्ही चार भोंगे. लग्नात मी वऱ्हाडाला जेवायला बोलवत असे, हरवलेल्या पोरांची नावं पुकारत असे. निवडणूक आली की मला ऑटोच्या टपावर बांधत. तेव्हा माझ्या तोंडून किती रस्ते झाले, किती पूल झाले, किती घरी नळ आले! ऑटो पुढे गेला की मागे नुसती धूळ उरे. मी नवा होतो. मला वाटायचं, बोललं म्हणजे झालं.

कोळशाच्या खाणींच्या राजूरला एका खड्ड्यात ऑटो उसळला आणि मी टपावरून खाली पडलो. एक बाजू आत गेली, घशात कोळशाची भुकटी बसली. तेव्हापासून माझा आवाज थोडा घोगरा झाला. गोविंदाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हा आता लग्नाच्या कामाचा नाई राह्यला. याले देवाच्या कामाले देऊन टाकू." तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, हिरासिंग देवळासाठी भोंगा शोधतच होते. त्यांनी मला पोत्यात घातलं, एसटीच्या मागच्या बाकाखाली ठेवलं, आणि मी इथे आलो.

मला खांबावर चढवलं ते भावसिंगने. तांड्यात विजेचं, पंपाचं, माइकचं काहीही असलं की भावसिंगलाच हाक पडे. हसरा गडी होता. वर चढून त्याने माझं तोंड नाल्याकडे वळवलं आणि तार आवळता आवळता म्हणाला, "आता बोला, भोंगेबुवा. पल्याडच्या वावरातल्या लोकायलेही ऐकू गेलं पाह्यजे." खाली त्याची बायको पुष्पा उभी होती. ती बारावी शिकलेली, म्हणून माइकवर सूचना वाचायचं काम नायकांनी तिला दिलं. भावसिंग वरूनच ओरडला, "घरात त मले बोलूच देत नाई, आता साऱ्या तांड्याले ऐकवजो बाप्पा!"

"खाली उतर आधी," पुष्पा म्हणाली, "नाई त तिथंच ठेवीन टांगून, भोंग्याच्या जोडीले."

रोज पहाटे भावसिंगची आई धनीबाई देवळात येई. सारा तांडा तिला याडी म्हणे, म्हणजे आई. दिवा लावून, निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग देऊन, हात जोडल्याशिवाय तिने कधी पाण्याचा घोट घेतला नाही. तिचा आणखी एक नेम होता. ती अनवाणी चाले. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तांड्याची एक गरोदर बाई दवाखान्याच्या वाटेवर नाल्याच्या काठीच बाळंत झाली, आणि ते बाळ राहिलं नाही. त्याला आपल्या हातांनी माती देऊन धनीबाईने देवापुढे शब्द दिला, 'या नाल्यावर पूल होईस्तोर पायात चप्पल घालणार नाई.' काटा रुतो, चटका बसो, तिने शब्द मोडला नाही.

पूल नव्हता, पण नाल्यात दगड होते. ते कुणी सरकारने टाकलेले नव्हते. या तांड्याची रीतच तशी होती. घरात नवी सून आली, की नवरा-नवरीने मिळून एक मोठा सपाट दगड नाल्यात नेऊन बसवायचा. अशा कित्येक पिढ्यांच्या जोड्यांनी ती वाट बांधली होती. धनीबाईचा दगड मधोमध होता, पुष्पा-भावसिंगचा पलीकडच्या काठाला. पाणी चढलं, दगड बुडाले, तरी पायाला ते सापडत. दोर धरून, पायाने एकेक दगड चाचपत लोक पार होत. माणूस पाठीवर घेऊनही होत.

आता प्रभावतीताईची ओळख करून देतो. ती मुकुटबनची. तिथे तिचं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान होतं. दाखले, अर्ज, वीजबिल असली कामं ती करून देई. दुकानात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, असं भावसिंग सांगायचा. तांड्यात आली की ती "जय भीम" म्हणे, समोरून "जय सेवालाल" येई, आणि दोन्हीकडून हसू. एकदा ती देवळाच्या पायरीवर बसून नायकांना म्हणाली, "नायक, राज्याचं बजेट निघते ना दरवर्षी, ते संकेतस्थळावर असते. कोणीही पाहू शकते. पण कोणी पाहतच नाही."

"आमाले काय करायचं बजेट?" हिरासिंग म्हणाले. "आमाले ऊन दिसते, पाऊस दिसते."

"तुमच्याच नावानं पैसा ठेवते सरकार. पण ते पुस्तक असं हाय, का उघडाले मोबाइल गरम होते. हजारो पानं. तुमचा तांडा त्यात नावानं नाही, किलोमीटरनं हाय. मी काढून आणते. पुष्पा वाचून दाखवीन भोंग्यावर."

नायक चपापले. देवाच्या भोंग्यातून सरकारचं वाचायचं? तेव्हा धनीबाई वाती वळता वळता म्हणाली, "देवाले समदं ऐकू येते, नायक. ऐकू येत नाई ते माणसाले. वाचू द्या."

अशी सुरुवात झाली. प्रभावतीताई कागद आणे, सोप्या भाषेत समजावून सांगे, आणि पुष्पा आरतीनंतर वाचे. अंगणवाडीतल्या आहाराला किती ठेवलं, वसतिगृहातल्या पोरांना किती मिळायला हवं. ते ऐकून दोन बाया अंगणवाडीत विचारायला गेल्या, आणि पोरांच्या ताटात अंडं दिसू लागलं. तांड्यात माझं कौतुक झालं. बायांनी मला नारळ वाढवला. भावसिंगने माझ्या पोचांवर चंदेरी रंग दिला. मित्रांनो, इतकं सुख मला यवतमाळच्या लग्नांतही मिळालं नव्हतं.

मग ती होळी आली.

तुम्ही आमच्या तांड्याची होळी पाहायला हवी. लेंगी गाणी, नगारा, काचा लावलेल्या घागऱ्यांचा फेर. त्याच दिवसांत राज्याचं नवं बजेट निघालं होतं. प्रभावतीताई घाईघाईने आली, कागद पुष्पाच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे रस्त्या-पुलाचं पुस्तक हाय. तुमच्या नाल्याची ओळ सापडली. पण पूर्ण वाचजो बरं. पुढचे रकानेच महत्त्वाचे हायेत." तिच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते, ती परत गेली.

पुष्पा माइकपाशी आली. नगारा थांबला. तिचा आवाज थरथरत होता, तो माझ्या पत्र्यालाही जाणवला.

"रस्त्या-पुलाच्या पुस्तकात आपली ओळ हाय," ती म्हणाली. "नाल्यावर लहान पूल बांधणे. अंदाजित किंमत, चाळीस लाख..."

बस्स. एवढंच बाहेर पडलं. पुढचा शब्द तिच्या ओठांवर होता. पण खाली एकच गलका उठला. नगाऱ्यावर टिपरी पडली. हिरासिंग नायकांनी हर्षाने पुष्पाच्या हातून माइक घेतला आणि माझ्या तोंडून त्यांचा आवाज दणाणला, "जय सेवालाल! चाळीस लाख! आपला पूल झाला!" बाया फेर धरून नाचू लागल्या. पुष्पा हातात कागद धरून म्हणत होती, "अजून हाय, अजून वाचायचं हाय." पण माइक तिच्याजवळ नव्हता, आणि माइकशिवाय माणसाचा आवाज किती लहान असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

देवळातून आलेला शब्द तांड्याने देवाचा शब्द मानला. दुसऱ्या दिवशी भावसिंगने बाजारातून आईसाठी चप्पल आणली. धनीबाईने ती आधी देवापुढे ठेवली, डोळे मिटले आणि मग पायात घातली. इतक्या वर्षांनी. चालताना ती अडखळत होती. भावसिंग म्हणाला, "याडी, हळू. चपलेले तुह्या पायाची वळख नाई अजून." सगळे हसले. तीही हसली.

मग लोकांच्या मनात आलं, पूल होणार म्हणजे मशीन येणार. मशीन आली की वाडवडलांच्या हातचे दगड चिखलात गाडले जातील. ते पाप कशाला? त्यापेक्षा देवाला वाहू. रामनवमीच्या आत सगळ्यांनी मिळून नाल्यातले दगड काढले, धुतले, हळद लावली, आणि देवळापुढे त्यांचा ओटा बांधला. भोग लागला. लापशीचं जेवण झालं. मी खांबावरून नाल्याकडे पाहत होतो. तिथे आता दगडांच्या जागी नुसते खड्डे होते.

प्रभावतीताई त्यानंतर पंधरवड्याने आली. नाल्यातून साडी वर धरून, ठेचकाळत वर आली आणि ओटा पाहून जागीच थांबली.

"दगड काहून काढले?"

"पूल येऊन राह्यला ना, ताई!" हिरासिंग म्हणाले. "चाळीस लाख."

"पुष्पा, तू पूर्ण नाही वाचलं?"

पुष्पाने मान खाली घातली. "वाचूच नाई देलं कोणी."

प्रभावतीताई ओट्याच्या काठावर बसली आणि बोटाने हवेत रकाने काढत म्हणाली, "ऐका. पूल बांधला तर किती लागतीन, ते चाळीस लाख. पण यंदा त्यासाठी पैसे ठेवले किती? एक हजार. फक्त एक हजार रुपये. नुसती ओळ पुस्तकात जिवंत ठेवाले. एक हजारात खड्डाही नाही होत."

मागून एक जण म्हणाला, "शुभ कामात ताईनं अपशकुन केला." दुसरा म्हणाला, "एक हजार कायले ठेवीन सरकार? भिकाऱ्याले देऊन राह्यलं का?"

पुष्पा उठली. "नायक, मले माइक द्या. राह्यलेलं वाचून टाकते."

हिरासिंग वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. तांड्यासाठी त्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पण होळीच्या दिवशी साऱ्यांसमोर बोललेला शब्द त्यांच्या गळ्याशी आला होता. ते म्हणाले, "नाई. देवाच्या भोंग्यातून एकदा सुलटं बोललं, आता उलटं नाई बोलायचं. लोक देवावरच शंका घेतीन."

"मग दगड तरी परत टाकू," भावसिंग म्हणाला. "पाऊस येईन."

तेव्हा सगळ्यांनी धनीबाईकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती, पायात नवी चप्पल. तिने हळूच मान हलवली. "देवाले दिलं ते दिलं, बेटा. परत कसं घ्याचं?"

भावसिंग तरी गप्प बसला नाही. बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून तो तालुक्याच्या कचेरीत गेला. परत आल्यावर माझी तार तपासायच्या निमित्ताने वर चढला आणि खाली उभ्या पुष्पाला म्हणाला, "साहेब म्हणे, पुस्तकात ओळ हाय ना, मग खुश राहा. किती लोकायची ओळही नाई." मग माझ्यावर चापट मारून तो हसला. पण त्या हसण्यात जीव नव्हता.

आणि राहिलेली ती अर्धी ओळ? ती पुष्पाच्या ट्रंकेत घडी होऊन पडली. मी रोज आरती म्हणत होतो, सूचना देत होतो, हरवलेल्या शेळ्या पुकारत होतो. फक्त ती ओळ तेवढी कुणी माझ्या तोंडी दिली नाही.

श्रावणातली दुपार होती. सकाळपासून वरच्या रानात पाऊस झाला होता आणि नाला लाल होऊन वाहत होता. कपाशीत निंदण चाललं होतं. तांड्याकडच्या वावरातून आरडाओरड ऐकू आली. भावसिंगच्या पायाला साप चावला होता. चार जणांनी त्याला बाजेवर घातलं आणि नाल्याकडे धावले. पुष्पाने आधी मोबाइलवरून अँब्युलन्सला आणि प्रभावतीताईला बोलावलं आणि मग देवळात धावत येऊन माइक हातात घेतला.

अँब्युलन्स वेळेवर आली, मित्रांनो. कुणावर आळ घेणार नाही. पांढरी गाडी पलीकडच्या काठावर उभी राहिली, मला ती स्पष्ट दिसत होती. मधे फक्त नाला होता. गडी दोर धरून पाण्यात उतरले. पाय ठेवायला जागा चाचपत होते. पण जिथे दगड होता तिथे आता खड्डा होता. पहिला गडी छातीपर्यंत गेला आणि वाहू लागला, त्याला ओढून काढलं. दुसराही परत आला. बाज काठावर राहिली.

"डॉक्टरसाहेब, थांबा," पुष्पा माझ्या तोंडून म्हणत होती. "जाऊ नका. पाणी उतरून राह्यलं. आमी येऊन राह्यलो. थांबा, जाऊ नका."

पलीकडे प्रभावतीताई धावत आली होती. तिने हात वर करून सांगितलं, ते जाणार नाहीत. तरी पुष्पा म्हणतच राहिली, "थांबा, पाणी उतरून राह्यलं." पाणी उतरत नव्हतं. मी तिचा आवाज मोठा करून पलीकडे नेत होतो. आयुष्यभर मी तेवढंच करत आलो आहे. पण आवाज नाला ओलांडतो, माणूस नाही ओलांडत.

धनीबाई बाजेच्या उशाशी बसली होती. भावसिंगने तिला काहीतरी विचारलं असावं. तिने वाकून ऐकलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. काही वेळाने तिचा हात थांबला. मग तिने आपल्या पायातली चप्पल काढली आणि पाण्यात सोडून दिली. तेव्हा मला कळलं.

पुष्पाचे डोळे पलीकडच्या गाडीवर होते. ती अजून म्हणत होती, "थांबा."

संध्याकाळी पाणी उतरलं.

त्यानंतर लोकांनी मला पोत्यात गुंडाळलं. म्हणाले, खोटं बोलणारा भोंगा आहे, अपशकुनी आहे. आरती नुसत्या टाळ्यांवर होऊ लागली. पोत्याच्या आत अंधार होता आणि कुबट वास. रंग उडाला, तार गंजली, एका बाजूने गांधीलमाश्यांनी घर केलं. माणसं रागावली की मुक्या वस्तूवर राग काढतात, मित्रांनो. मी रागावलो नाही. मला फक्त वाटायचं, मी खोटं बोललो नव्हतो. मला पुरतं बोलू दिलं नव्हतं.

पोत्याला एक भोक होतं. त्यातून ओटा दिसे. त्यावर कुणी बसत नसे.

पुन्हा होळी जवळ आली. तांड्याने त्या वर्षी नगारा काढला नाही. प्रभावतीताई नवीन पुस्तकातला कागद घेऊन आली आणि खाली पायरीवर पुष्पाशेजारी बसली. पांढऱ्या कपाळाच्या पुष्पाने कागद शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला. मग ती उठून नायकांच्या घराकडे गेली आणि नायकांना, चार म्हाताऱ्यांना घेऊनच परत आली.

"मले वाचायचं हाय," ती म्हणाली.

"कायले, बेटा?" हिरासिंगांचा आवाज खोल गेला होता. "आता काय वाचतं? ज्याचं जायचं ते गेलं."

"म्हणूनच वाचायचं हाय."

"भोंगा बांधून ठेवला हाय. लोक नाई ऐकणार."

धनीबाई दिव्यात तेल घालत होती. ती बाहेर आली. वय झालेली बाई, पण लाकडी शिडी स्वतः खांबाला लावली. खाली पुष्पाने शिडी धरली. धनीबाई वर आली, गांधीलमाश्यांची पर्वा न करता तिने पोत्याची सुतळी सोडली, पदराने माझं तोंड पुसलं. तिचे डोळे माझ्या अगदी जवळ होते. "बोल बाप्पा," ती हळूच म्हणाली. "या खेपेले पुरतं बोल."

पुष्पाने वाचलं. आवाज थरथरला नाही.

"रस्त्या-पुलाचं पुस्तक. आपली ओळ. नाल्यावर लहान पूल बांधणे. पहिला रकाना, पूल बांधायले किती लागन. चाळीस लाख. हे आलेले पैसे नाई, लागणारे हायेत. दुसरा रकाना, मागच्या वर्षी किती ठेवले होते. एक हजार. होळीले हेच वाचायचं राह्यलं होतं. तिसरा रकाना, त्यातले किती खर्च झाले. शून्य. चवथा रकाना, यंदा किती ठेवले. एक हजार."

ती थांबली. मग म्हणाली, "ओळ संपली."

नाल्यापलीकडे हे ऐकू गेलं. वावरात वाकलेली माणसं उभी राहिली. तांड्यातली दारं उघडली. हिरासिंग नायक पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

सगळ्यात आधी हललं कोण, तर धनीबाई. ती ओट्यापाशी गेली, वाकली आणि कडेचा एक सपाट दगड हलवू लागली. तो तिचा होता. लग्नाच्या वर्षी नवऱ्याबरोबर नाल्यात बसवलेला.

"याडी, देवाचा ओटा हाय तो!" कुणीतरी ओरडलं. "देवाले दिलेलं परत घेत नाईत. तूच म्हणे ना?"

"म्हटलं होतं," धनीबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "देवानं माहा लेक ठेवून घेतला. आता दगड ठेवून तो काय करीन? रागावला त माह्यावर रागावन. माह्याजवळ अजून घ्यासारखं काय राह्यलं?"

दगड जड होता. पुष्पाने दुसरी बाजू धरली. सासू-सुना मिळून तो ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत नाल्याकडे घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी कुणी मदतीला आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावून, भोग देऊन, पाणी पिण्याआधी धनीबाईने दुसरा दगड काढायला घेतला. तेव्हा हिरासिंग नायक आले. त्यांनी मुंडासं उतरवून ओट्यावर ठेवलं आणि दगडाला हात लावला.

आता तो तिचा रोजचा नेम आहे. दिवसाला एक दगड. अर्धा ओटा नाल्यात परत गेला आहे. तिच्या पायात चप्पल नाही.

पूल झाला का, असं तुम्ही विचाराल. नाही झाला. तांड्याची माणसं आता पुस्तकातला रकाना हातात घेऊन कचेरीत जातात. टेबलापलीकडचा माणूस त्यांच्याकडे पाहतो, मग कागदाकडे, आणि म्हणतो, वरून पैसे आले की होईल. मग ते विचारतात, वर म्हणजे कुठे? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की पुष्पा ते वाचेल. तोवर ती जे आहे ते वाचते. दर अमावास्येला, आरतीनंतर. तांड्याने एक नवी रीतही घातली आहे. पुष्पा वाचू लागली की नगाऱ्याची टिपरी धनीबाईच्या मांडीवर ठेवायची आणि 'ओळ संपली' असं ऐकल्याशिवाय कुणी ती उचलायची नाही. लहान पोरंही तोवर जागची हलत नाहीत.

मित्रांनो, माझी तार पुन्हा गंजू लागली आहे. भावसिंग असता तर वर चढून त्याने ती बदलली असती. तुमच्या गावातही देवळावर, विहारावर, शाळेवर माझ्यासारखा एखादा जुना भोंगा असेल. त्याची निगा राखा. त्याच्या तोंडी नुसती गाणी देऊ नका. तुमच्या नावाने राज्याने काय ठेवलं, किती दिलं, किती वापरलं, हे छापलेलं असतं. लपवलेलं नसतं, पण कुणी सांगितलेलंही नसतं. ते काढा, सोपं करा आणि वाचा. वाचणाऱ्याच्या हातून माइक घेऊ नका. आनंदानेही नको.

उद्या अमावास्या आहे. पुष्पा येईल, माइकवर दोनदा टिचकी मारेल, आणि मी घसा साफ करीन. चारही रकाने वाचले जातील. तिसऱ्यात अजूनही शून्य आहे. ती ते मोठ्याने वाचते, आणि मी ते नाल्यापलीकडे पोचवतो.